अंबिकाबाईचा पहिला नग

…तर ते हातमोजे अंबिकाबाईनं दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसे धरले, कचऱ्याच्या डब्यात सोडले आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाली, "आता ओता."

काल गोष्ट इथवर आली होती. आठ दिवस त्या कंपनीत चार शिकलेली माणसं सिलिकॉन रबर ओतत होती आणि रबर काही केल्या आळत नव्हतं. काकवीसारखं बोटाला चिकटत होतं. जर्मनीला पत्रं गेली, माल बदलला, भट्टी बदलली. एकानं तर सगळा दोष भाईंदरच्या खाऱ्या हवेवर टाकला. हवा बिचारी काय बोलणार. आणि खारीगावातली ही सातवी पास बाई, कामाला लागून तीन दिवस झालेली, तिनं विचारलं काय, तर "हे मोजे कशाचे हायत?" रबराच्या मोज्यांत गंधक असतं आणि गंधकाचा नुसता वारा लागला तरी असलं सिलिकॉन बिघडतं, हे इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात साचे ओतणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तिथं ज्याला हे कळत नाही त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. इथं त्याला डॉक्टर म्हणतात.

ही डॉक्टरकी औषधाची नव्हे बरं का. डॉक्टर गुणवंत हे धातूंच्या कणांचे डॉक्टर. राहायला मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आणि कंपनी भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत. त्या रांगेतला एकच गाळा काचेच्या दाराचा, आत एसी, वर पाटी 'तेजतंतू'. साहेब गाडीतून उतरले की नाकाला रुमाल लावायचे आणि पॉलिशच्या धुळीतून वीस पावलं अशी चालायचे की जणू काही शत्रूच्या मुलखातून वाट काढतायत. तो रुमाल पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. त्यानंच ते दाराची मूठ पुसत, खुर्ची पुसत, चष्मा पुसत, आणि मग तोच रुमाल पुन्हा नाकाला लावत. कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापलं होतं, 'विश्वस्तरीय निर्जंतुक कक्ष'. तिथं जंतूंचा काय संबंध, धूळ नको होती. पण छापताना कोणी विचारलं नाही.

तिथलं काम मात्र खरोखर बघण्यासारखं. सोनं, पण असं की त्याचे गोळे केलेले, एकेका गोळ्यात मोजून पंचावन्न अणू. गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर दुसऱ्या रसायनाची साल. हे गोळे ज्या पाण्यात सोडायचे ते दिसायला कोऱ्या चहासारखं. कोणाला खरं वाटू नये की ह्यात सोनं आहे. मग एक चकती, रबरातल्या सिलिकॉनची नव्हे, कॉम्प्युटरच्या चिपा होतात त्या कडक सिलिकॉनची, आरशासारखी, तिच्यावर बारा रेघा उभारलेल्या, एकेक रेघ केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी. हा मूळ साचा. त्यावर सिलिकॉन रबर ओतायचं, आळलं की सोलून काढायचं. वर रेघा होत्या, तर रबरात तेवढ्याच बारीक पन्हळी उमटतात. हा झाला शिक्का. शिक्का काचेवर पालथा ठेवायचा आणि पन्हळींच्या तोंडाशी चहाचा तो एक थेंब सोडायचा. ढकलायचं नाही, फुंकायचं नाही. वातीत तेल चढतं तसा थेंब आपल्या पायानं आत चालत जातो. मंद आचेवर सुकवायचं, शिक्का उचलायचा, मग आच वाढवायची. गोळ्यांची साल जळते, सोनं सोन्याला मिळतं, आणि काचेवर बारा तारा राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. मीटरची दोन टोकं लावली आणि मीटर वाजलं, तर तार आरपार. नाही वाजलं, तर मध्ये कुठंतरी तुटली. गॅस गळला तर ओळखणारी चकती ह्या तारांवर व्हायची होती.

अंबिकाबाईला ह्यातलं अणूबिणू कोणी समजावलं नाही आणि तिचं त्यावाचून अडलंही नाही. चोवीस वर्षं तिनं कानातल्यांचे, नथींचे, मंगळसूत्राच्या वाट्यांचे साचे केले होते. पितळी नमुन्याभोवती रबर कसं बसवावं, हवेचा बुडबुडा कसा मारावा, कोपऱ्यातून श्वास रोखून कसं सोलावं, हे तिच्या हाताला पाठ. कंपनीत इंजिनिअर सोलायचे तेव्हा शिक्का फाटायचा. ती सोलायची तेव्हा झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा तो निघायचा.

गाळ्यातून तिनं दोन सवयी आणल्या होत्या. एक, कपाळाला टिकली. सुटं कुंकू तिनं सव्वीस वर्षांत कामावर लावलं नाही. घामानं एक कण ओघळला आणि साच्यात पडला की शंभर नथी वाया, म्हणून त्या गाळ्यांतल्या सगळ्या बाया टिकलीवाल्या. दुसरी सवय, पहिला नग ठेवायचा. नव्या साच्यातून निघालेला पहिला तुकडा विकायचा नाही, वापरायचा नाही. तारखेची चिठ्ठी लावून डब्यात. उद्या माल बिघडला तर पहिला नग काढून बघायचा, बिघाड कधी शिरला ते कळतं. तिनं इथंही बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि दर महिन्याच्या शिक्क्यांतला पहिला त्यात ठेवत गेली.

डॉक्टरसाहेबांनी डबा बघितला आणि म्हणाले, "अंबिकाबाई, ही विश्वस्तरीय प्रयोगशाळा आहे, इथे भंगार जमवायचं नाही."

"बरं साहेब," म्हणाली ती आणि डबा आपल्या लॉकरात नेऊन ठेवला.

पुढं खंडेनवमी आली. गावाकडं लोक नांगर पुजतात, पण तो धुऊन, पुसून, कोपऱ्यात उभा करून. पेरणी चालू असताना फाळाला हळद फासून कोणी फोटो काढत नाही. डॉक्टरसाहेबांना मात्र फोटो हवा होता. परंपरा आणि विज्ञान ह्यांचा संगम दाखवायचा होता म्हणे. अंबिकाबाई दुपारी नारळ आणायला बाहेर गेली तेवढ्यात पूजा उरकली. ती परत आली तेव्हा साच्याची डबी बंद होऊन साहेबांच्या कपाटात गेली होती आणि सगळे पेढे खात होते. आठवड्याभरात तो फोटो चौकटीत बसून दारासमोरच्या भिंतीवर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तो दिसायचा आणि म्हणूनच दोन दिवसांनी तो कोणालाच दिसेनासा झाला.

कंपनीत तेव्हा जुने शिक्के शिल्लक होते, त्यांवर दिवाळी निघाली. दिवाळीनंतर अंबिकाबाईनं साच्यावरून नवे शिक्के ओतले, आणि तारा वाजेनाशा झाल्या.

एक नाही, दोन नाही, बाराच्या बारा मुक्या. पुन्हा केल्या, मुक्या. इशिता नावाची मुलगी तिथं मायक्रोस्कोपवर बसायची, हुशार आणि साहेबांना घाबरून असणारी. तिनं एकेक काच बघून तारा कुठं तुटल्यात त्याचे फोटो काढले. अंबिकाबाईनं ते फोटो टेबलावर एकाखाली एक मांडले आणि एकेकावर बोट ठेवत गेली.

"पोरी, ह्या सगळ्या एकाच जागी तुटतात."

"हो मावशी. डावीकडून तिसऱ्या खुणेपाशी."

"मग हातात दोष न्हाय. हात चुकला तर रोज नवी जागा धरतो. नथीला रोज एकाच पाकळीवर खड्डा आला तर आम्ही कारागिराला शिव्या देत न्हाय, साचा बगतो."

दोघींनी मिळून शिक्का उलटा करून मायक्रोस्कोपखाली धरला. तिसऱ्या खुणेपाशी बाराही पन्हळींत रबराची एकेक भिंत आडवी उभी. म्हणजे मूळ साच्यावर त्या जागी रेघांचे तुकडे उडाले होते, आणि तिथं रबर भरलं होतं. थेंब भिंतीपर्यंत यायचा आणि थांबायचा. तो बिचारा करणार काय. आणि एका भिंतीच्या कडेला, रबरात रुतलेला, लालभडक एक कण.

इशितानं त्या कणाचा फोटो काढला. अंबिकाबाई उठली. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, साचा बगावा लागंल. त्याच्यावर काहीतरी फिरलंय. लाल कण सापडलाय, कुंकवाचा वाटतो."

साहेबांनी चष्मा पुसला, अर्थात त्याच रुमालानं. "साचा परदेशातून आलाय, अंबिकाबाई. त्यात दोष कसा असेल? आणि कुंकू म्हणताय, तर ते तुमच्याच कपाळावरचं असणार. इथे दुसरं कोण लावतं?"

अंबिकाबाईनं कपाळाची टिकली नखानं सोडवली आणि त्यांच्या टेबलावर चिकटवली. "ही गळत न्हाय साहेब."

साहेबांना ह्याचा अर्थ कळला नाही, पण अपमान झाल्याचं तेवढं कळलं. अशा माणसांना ते फार लवकर कळतं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक कागद आला. इंग्रजीत होता, इशितानं खाली मान घालून मराठीत सांगितला. 'वाढत्या वयामुळे कर्मचाऱ्याचा हात थरथरतो, तसेच प्रसाधनाचे कण साच्यात पडतात, त्यामुळे उत्पादनात दोष. सबब पॅकिंग विभागात बदली.' एक प्रत तिच्या फाइलला. तिच्या जागी येणार होता यांत्रिक हात. त्याची ऑर्डरही जाऊन चुकली होती.

पगार तोच होता. पण पगाराचं दुःख नव्हतंच. चोवीस आणि दोन, सव्वीस वर्षं ज्या हाताच्या जिवावर ती ताठ मानेनं भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून हिंडली, तो हात थरथरतो असं सही-शिक्क्यानिशी लिहून ठेवलं होतं. ती उद्या नसली तरी तो कागद राहणार.

आणि माणूस कितीही खंबीर असला तरी लिहिलेली गोष्ट मनात घर करते. त्या संध्याकाळी खारीगावात घरी आल्यावर तिनं तेलाची वाटी काठोकाठ भरली आणि स्वयंपाकघरातून देव्हाऱ्यापर्यंत चालत गेली. तिचा नवरा दशरथ बाहेरच्या खोलीत बसला होता, भांड्यांच्या पॉलिशच्या गाळ्यातून निवृत्त झालेला.

"काय चाललंय? समईला एवढं तेल?"

"बोलू नको. वाटीकडं बघ. थरथरते का?"

दशरथनं मान लांब करून बघितलं. "वाटी न्हाय थरथरत. मी थरथरतोय, फरशीवर सांडलं तर पुसायला मलाच लावशील."

तिनं वाटी ठेवली. एक थेंब सांडला नव्हता. तरी ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा वाटी घेऊन आली. तीनदा. तिसऱ्यांदा दशरथ हसला नाही.

"अंबिके, हात ठीक हाय. तो कागद फाडून टाक."

"माझा फाडीन. फाइलातला कोण फाडंल?"

मग आला तो मंगळवार. पुण्याहून गॅसची मीटरं बनवणाऱ्या कंपनीची तीन माणसं तारा बघायला येणार. त्यांतले मुख्य सुभाषराव, साठीचे, हाताला मशीनच्या तेलाचा वास असलेले इंजिनिअर. साहेबांनी सकाळपासून रुमालानं दिसेल ते पुसून काढलं. यांत्रिक हात पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवला होता, पुतळ्याचं अनावरण करायचं तसा. साहेबांनी चादर ओढली आणि भाषण केलं. मानवी हाताच्या मर्यादा, थकवा, वय, थरथर, आणि ह्या सगळ्यांवर मात करणारं तंत्रज्ञान. यांत्रिक हातानं शिक्का उचलला, काचेवर अलगद ठेवला, थेंब सोडला. खरंच सुरेख काम करत होता तो, खोटं का बोला. सुकवलं, सोललं, तापवलं. मीटर लावलं.

पहिली तार मुकी. दुसरी मुकी. बाराही मुक्या.

"आज हवेत दमटपणा जास्त आहे," साहेब म्हणाले.

सुभाषरावांनी एसीच्या आकड्याकडं बघितलं आणि पुन्हा करायची खूण केली. आणखी एक फेरी झाली. पुन्हा बारा मुक्या. यांत्रिक हात न थरथरता तीच चूक दोनदा करून मोकळा झाला.

तेवढ्यात इशिता पाय न वाजवता पॅकिंगच्या खोलीत आली. अंबिकाबाई खोक्यांना टेप लावत होती.

"मावशी, तुमचा डबा आहे ना? दसऱ्याआधीचा शिक्का आहे ना त्यात?"

"हाय. पन माझा हात थरथरतो. लिवलंय."

"मावशी…"

अंबिकाबाईनं टेप लावायची थांबवली. नाही गेली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. साहेब तोंडावर आपटले असते आणि तिनं खोक्याआडून मजा बघितली असती. पण मग फाइलीतल्या कागदाशेजारी अजून एक कागद लागला असता, की हातानंही झालं नाही आणि यंत्रानंही झालं नाही. तिनं लॉकर उघडला, पत्र्याचा डबा बगलेत मारला आणि पदर खोचत आत गेली.

"ह्या पॅकिंगच्या…" साहेबांनी सुरुवात केली.

"बघू तर द्या," सुभाषराव म्हणाले आणि खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

तिनं डब्यातून दोन शिक्के काढले. एकावर चिठ्ठी गणपतीच्या आठवड्याची, दुसऱ्यावर दिवाळीनंतरची. गणपतीचा शिक्का काचेवर ठेवला, करंगळीनं एकदा दाबला. तोंडाशी थेंब सोडला आणि हात मागे घेतला. थेंब आत चालला. तिनं काच मंद पाटीवर ठेवली, घड्याळाकडं न बघता थांबली, मग एका कोपऱ्यातून शिक्का सोलला आणि आच वाढवली. इशितानं मीटरची टोकं लावली.

मीटर वाजलं. दुसऱ्या तारेला वाजलं. बाराही तारांना वाजलं.

"मग त्या तारांना काय झालं होतं?" सुभाषरावांनी विचारलं, साहेबांना नव्हे, तिला.

तिनं दिवाळीनंतरचा शिक्का मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि त्यांना बघायला लावलं. त्यांनी भिंती बघितल्या, लाल कण बघितला. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला अजून सांगावं लागत नाही. "साच्यावर कोणीतरी कुंकवाचं बोट लावलंय," ते म्हणाले, "आणि मग कापडानं पुसलंय. पुसताना रेघा उडाल्या. कोणी केलं हे?"

साहेब छताकडं बघत होते.

जाताना पाहुणे दारापाशी आले आणि सुभाषराव त्या चौकटीपुढं थांबले. त्यांनी चष्मा वर केला, फोटोजवळ तोंड नेलं. फोटोत डॉक्टर गुणवंत हसतमुखानं उघड्या साच्याला बोट लावत होते. दुसऱ्या हातात रुमाल, पांढराशुभ्र, फक्त एक कोपरा लाल.

"छान फोटो आहे," सुभाषराव म्हणाले. "काढू नका हं इथून. अंबिकाबाई, येतो. साचा नवा आणा, शिक्के तुम्ही ओता, मग आम्ही पुन्हा येऊ."

पाहुणे गेल्यावर चहाच्या वेळेला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. टेबलाच्या कडेला तिची टिकली अजून तशीच चिकटलेली होती. रुमालानं ती निघाली नव्हती. साहेबांनी रुमाल काढला, त्याकडं बघितलं आणि खिशात परत ठेवला.

"अंबिकाबाई, झालं गेलं विसरा. आपण सगळी एका कुटुंबातली माणसं. उद्यापासून तुम्ही पुन्हा टेबलावर या, यंत्राला आपण दुसरं काही काम शोधू. अजून काय हवं तुम्हाला, मोकळेपणानं सांगा."

अंबिकाबाई खुर्चीवर बसली नाही. पत्र्याचा डबा तसाच बगलेत होता. ती म्हणाली:

"मला काय नको साहेब. फाइलातल्या त्या कागदावर माझा हात थरथरतो असं लिवलंय, त्याच्याच खाली तुमच्या हातानं लिवा, साच्यावर रुमाल कुनाचा फिरला, आनि सही करा. आनि पुढल्या खंडेनवमीला पूजा करायचीच असंल, तर झाकन लावलेल्या डबीची करा. देवाला झाकनातून बी दिसतं. तुम्हाला मायक्रोस्कोपातून बी दिसलं न्हाय."